घोड्याची पाखर

चिलखत हा शब्द मराठी माणसाच्या तोंडी आयुष्यात फार थोड्या वेळा येतो. चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकात प्रतापगडाची भेट असते तेव्हा तो पहिल्यांदा भेटतो. १० नोव्हेंबर १६५९ या दिवशी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातले होते, हे ज्याला इतिहासातले दुसरे काहीही आठवत नाही त्यालाही आठवते. पुढे वृत्तपत्रांत 'चिलखती दल' भेटते, तेही अहिल्यानगरच्या लष्करी केंद्राच्या निमित्ताने. त्यानंतर हा शब्द कोशात जाऊन पडतो. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. वीस वर्षांच्या अध्यापनात आमच्या वर्गात तो बखरींचा तास वगळता उच्चारला गेल्याचे स्मरत नाही. तो अचानक दिवसातून दहा वेळा उच्चारण्याचा प्रसंग आमच्या वलगावच्या घरी गेल्या वर्षी आला, आणि त्याला कारण ठरला एक संगणकीय खेळ.

ताईचा मुलगा अमरावतीला अभियांत्रिकी शिकतो. त्याचे वडील गेल्यापासून तो आमच्याकडेच राहतो. 'एज ऑफ एम्पायर्स' या खेळाचा दुसरा भाग १९९९ साली, म्हणजे त्याच्या जन्माआधी आला. पण २०१९ मध्ये त्याची नवी आवृत्ती निघाली आणि मुले पुन्हा त्याच्या नादी लागली. या आवृत्तीत हिंदीचा पर्याय आहे, मराठीचा नाही. खेळातला सगळा मजकूर एका साध्या धारिकेत असतो: ओळीच्या आरंभी एक आकडा आणि पुढे अवतरणचिन्हांत शब्द. ते शब्द बदलले की पडद्यावरचे शब्द बदलतात. भाच्याने आणि त्याच्या वसतिगृहातल्या मित्रांनी ठरवले की आपण हा खेळ मराठीत आणायचा. शेतकरी, गवंडी, गढी, वेस, दाणागोटा असे पुष्कळसे त्यांनी आपापसात उरकले. लोहारखान्यापाशी गाडी अडली.

खेळातल्या लोहारखान्यात चिलखतांचे नऊ प्रकार घडतात. पायदळासाठी स्केल मेल, चेन मेल आणि प्लेट मेल. घोडदळासाठी स्केल बार्डिंग, चेन बार्डिंग आणि प्लेट बार्डिंग. तिरंदाजांसाठी पॅडेड, लेदर आणि रिंग आर्चर आर्मर. मुलांनी आधी हे काम यंत्राकडे सोपवले होते. यंत्राने 'चेन मेल'चे 'साखळी टपाल' केले आणि 'प्लेट मेल'चे 'ताट टपाल'. 'स्केल'साठी एकदा मोजपट्टी आणि एकदा तराजू आला. ती यादी घेऊन भाचा आमच्यापुढे बसला आणि म्हणाला, "मामी, तुम्ही दोघंही एमए मराठी. नऊ शब्द त पाहिजेत फक्त. सांगा न जी."

नऊ शब्दांना आम्हांला चार महिने लागले.

'ताट टपाला'ला हसणे सोपे आहे. पण मूळ इंग्रजी नावे तरी कुठे शहाणी आहेत? 'मेल' हा शब्द फ्रेंच 'माय'मधून आला, आणि त्याच्या मुळाशी लॅटिन 'माकुला', म्हणजे जाळीचे छिद्र. लोखंडी कड्या एकमेकींत गुंफून विणलेली जाळी ती मेल. तेव्हा 'चेन मेल' म्हणजे 'जाळीची जाळी'. आपण 'पिवळे पीतांबर' म्हणतो तशातला प्रकार. आणि 'प्लेट मेल' म्हणजे 'पत्र्याची जाळी', जी अर्थाच्या दृष्टीने अशक्यच. हा गोंधळ जुन्या सैनिकांनी घातलेला नाही. त्यांच्यानंतर कित्येक शतकांनी आलेल्या संशोधकांनी तो घातला. सॅम्युअल रश मेरिक या इंग्रज संग्राहकाने १८२४ मध्ये जुन्या चिलखतांवर मोठा ग्रंथ काढला. मध्ययुगीन चित्रांत आणि थडग्यांवरच्या शिल्पांत जाळी दाखवण्याच्या ज्या निरनिराळ्या पद्धती होत्या, त्या प्रत्येकीला त्याने स्वतंत्र चिलखत मानले आणि स्वतंत्र नाव दिले. चित्रकाराने एके ठिकाणी आडव्या रेघा मारल्या, एक प्रकार झाला. दुसऱ्याने वर्तुळे काढली, दुसरा झाला. पुढच्या अभ्यासकांनी हे वर्गीकरण मोडीत काढले. पण १९७४ साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा कागद-फाशांचा खेळ निघाला, त्याने 'प्लेट मेल' उचलली. १९७८ च्या त्याच्या नियमपुस्तकात रिंग, स्केल, स्प्लिंट, बँडेड अशी सगळी पंगत मांडली गेली, आणि तिथून ही नावे संगणकाच्या खेळांत उतरली. विद्वानांनी टाकून दिलेले वर्गीकरण मुलांच्या खेळात सुखाने नांदते आहे. वाङ्मयप्रकारांची आमच्या पाठ्यपुस्तकांतली काही वर्गीकरणे आम्हांला या वेळी आठवली. पण तो विषय वेगळा.

म्हणजे आम्हांला ज्यांची भाषांतरे करायची होती, त्या नावांतली निदान दोन-तीन अशी होती की त्यांच्यामागे वस्तूच नव्हती.

आता मराठीकडे येऊ. आमच्याकडे सगळ्याला एकच शब्द, चिलखत. त्याची जात फार्सी. 'चिहल' म्हणजे चाळीस. अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी'त शस्त्रागाराचे प्रकरण आहे, त्यात अंगावर चढवायच्या वस्तूंच्या ओळीत 'चिहिलकद' असे एक नाव येते. ते मोठ्याने वाचले की आपले चिलखत ऐकू येते. ही यादी वाचण्याजोगी आहे. १८७३ मध्ये ब्लॉखमनने केलेल्या इंग्रजी भाषांतराला वस्तूंची चित्रेही जोडलेली आहेत, आणि भाच्याने ती चित्रे आमच्यापेक्षा अधिक बारकाईने पाहिली. 'झिरिह' म्हणजे कड्यांची जाळी. 'बख्तर' म्हणजे जाळीत पत्रे गुंफलेले. 'चार-आयना' म्हणजे छाती, पाठ आणि दोन कुशी यांवर बांधायचे चार पत्रे, घासूनपुसून आरशासारखे केलेले. इंग्रजांच्या खेळाला हवे होते ते सगळे भेद इथे आयते होते, आणि त्यांच्यामागे खऱ्या वस्तूही होत्या. ज्या ग्रंथात ही यादी आहे, त्याच ग्रंथात वऱ्हाड सुभ्याचेही वर्णन आहे, एलिचपूर आणि गाविलगडासकट. १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांकडे गेले. एलिचपूर म्हणजे आजचे अचलपूर. आमच्या दारावरून परतवाड्याकडे जाणारा रस्ता तिकडेच जातो. या रस्त्याने बख्तरवाले स्वार कधीतरी गेले असतील, असे म्हणायला कल्पनाशक्ती लागत नाही.

या यादीमुळे 'जिरेटोपा'चाही उलगडा झाला. आमच्या वर्गात एका विद्यार्थिनीने पूर्वी विचारले होते, की टोपात जिरे कुठून आले? प्रश्न रास्त आहे. हे जिरे फोडणीतले नव्हे. 'झिरिह'चा अपभ्रंश आहे. जिरेटोप म्हणजे जाळीचा टोप, लढाईत मानेवर आणि कानांवर कड्यांची झालर सोडणारा. आज मात्र जिरेटोप म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोत्यांचे तुरे लावलेले कापडी शिरोभूषण येते. स्नेहसंमेलनातल्या पोरांच्या डोक्यावर ते पुठ्ठ्याचे असते. शब्दात लोखंड राहिले आणि वस्तू कापडाची झाली. जे शब्द आपल्याला अगदी घरचे, अस्सल मातीतले वाटतात, त्यांतला हा एक. आणि त्याचा अर्धा भाग इराणातून आलेला.

इथे राज्यव्यवहारकोशाची आठवण होणे अपरिहार्य होते. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर रघुनाथपंडित हणमंते यांच्याकडून महाराजांनी हा कोश करवून घेतला. दरबारी व्यवहारात शिरलेल्या फार्सी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठी दहा वर्गांत तो रचलेला आहे, आणि त्यांतला एक शस्त्रवर्ग आहे. अष्टप्रधानांच्या पदव्या बदलल्या. पेशव्याचा पंतप्रधान आणि मुजुमदाराचा अमात्य झाला. तरीही लोकांच्या तोंडी पेशवाच राहिला, आणि शिलेखान्यातली भाषा तर जवळजवळ जागची हलली नाही. शिलेदार, शिलेखाना, चिलखत, बख्तर, जिरेटोप हे सगळे टिकून राहिले. याचे कारण आम्हांला असे दिसते, की मंत्र्याचे पदनाम राजाज्ञेने बदलता येते, पण जी वस्तू लोहार घडवतो, शिपाई विकत घेतो आणि रात्री अंधारात चाचपून अंगावर चढवतो, तिचे नाव बदलायला त्या दोघांची संमती लागते. माधव जूलियनांचे उदाहरण याहून गमतीचे आहे. १९२५ मध्ये त्यांनी फार्सी-मराठी कोश सिद्ध केला आणि १९३८ मध्ये 'भाषाशुद्धिविवेक' लिहिले. एकाच माणसाने आधी दारातून आलेल्या पाहुण्यांची नावनिशीवार यादी केली आणि मग त्यांना निरोप कसा द्यावा याचा विचार केला. आम्ही दोन्ही पुस्तके ग्रंथालयातून काढली होती. टेबलावर ती महिनाभर शेजारी शेजारी पडून होती.

कारण आमच्यातही हाच वाद चालू होता. आमच्यापैकी एकीचा ओढा संस्कृताकडे, दुसऱ्याचा बखरींकडे. अमरकोशात वर्म, तनुत्र, उरश्छद, कंकटक असे पर्याय आहेत. ते निटस आहेत, समासाला सोपे आहेत, आणि 'उरश्छद' तर उच्चारताच छाती पुढे येते. 'सन्नाह' म्हणजे बांधलेले चिलखत. त्यावरून आलेला 'सन्नद्ध' आपण अजून वापरतो, व्याख्यानासाठीसुद्धा सन्नद्ध होतो, कमरेला काही न बांधता. बखरींच्या पक्षाचे म्हणणे असे, की हे शब्द कोशात जन्मले आणि कोशातच वारले. त्यांच्या अंगाला लोखंडाचा वास नाही.

राहता राहिले 'कवच'. हा शब्द मात्र दोन्ही पक्षांना मान्य होईल असे वाटले होते, कारण तो जिवंत आहे. विमाकवच आहे, सुरक्षाकवच आहे, रेल्वेगाड्यांची टक्कर टाळणाऱ्या यंत्रणेलाही 'कवच' हेच नाव दिलेले आहे, आणि एखाद्या पुढाऱ्याचे पद गेले की अग्रलेखात त्याची कवचकुंडले गळून पडतात. ज्ञानेश्वरीच्या दुसऱ्या अध्यायात बुद्धियोगाला वज्रकवचाचा दृष्टान्त आहे. पण या सगळ्यांत एकही कवच लोखंडाचे नाही. आमच्या आईला विचारले, कवच म्हणजे काय? ती म्हणाली, "म्हणायचं असते ते." तिचे उत्तर कोशापेक्षा अचूक आहे. देवीकवच म्हणायचे असते. दिवेलागणीला रामरक्षा म्हणायची असते, जी स्वतःला वज्रपंजर म्हणवते. तिच्यात मस्तकापासून पायापर्यंत एकेक अवयव रामाच्या एकेका नावाच्या स्वाधीन केला जातो. भाच्याला हे फार आवडले. अशा दुसऱ्या कितीतरी खेळांत डोके, छाती, हात, पाय असे रकाने असतात आणि प्रत्येक रकान्यात एकेक वस्तू बसवायची असते, असे त्याने दाखवले. रामरक्षेची रचना त्याला पाठ होती. ती रकान्यांची आहे हे त्याला नव्याने कळले आणि आम्हांलाही. तरीही 'कवच' आम्ही बाजूला ठेवले. जी वस्तू मराठी घरात शब्दांची झाली आहे, ती पुन्हा लोहाराकडे पाठवणे बरे वाटेना.

मध्येच एक व्याकरणाचा पेच पडला, तो विद्यार्थ्यांसाठी सांगण्याजोगा आहे. खेळात प्रत्येक शिपायाच्या नावापुढे बचावाचे दोन आकडे असतात. एक 'मेली आर्मर', दुसरा 'पिअर्स आर्मर'. मुलांच्या धारिकेत दुसऱ्याचे भाषांतर 'भेदक चिलखत' असे झाले होते. भेदक चिलखत म्हणजे भेदणारे चिलखत. हवे होते ते भेदापासून राखणारे. इंग्रजीत दोन नामे शेजारी ठेवली की नाते वाचकाने ओळखायचे. मराठीत समासाचा विग्रह करावा लागतो, आणि विग्रहात लपवाछपवी चालत नाही. अर्थात मराठीही नेहमी सरळ वागते असे नाही. अत्तरदाणीत अत्तर असते, पिंकदाणीत पिंक असते, मच्छरदाणीत मात्र मच्छर नसणे अपेक्षित असते. वलगावच्या श्रावणात ही अपेक्षा फारशी पूर्ण होत नाही, आणि तेव्हा तो समास व्याकरणदृष्ट्या बिनचूक ठरतो.

बरे, 'पिअर्स' म्हणजे भोसकणे असे धरावे, तर खेळात भालाईत भोसकतो पण त्याचा मार 'पिअर्स'मध्ये मोजत नाहीत. जवळून केलेला म्हणून तो 'मेली'त जातो. उलट फेकलेला भाला आणि सुटलेला बाण 'पिअर्स'मध्ये. म्हणजे खेळाचा खरा भेद शस्त्राच्या टोकाचा नाही, अंतराचा आहे. हे कळल्यावर शब्द आपोआप सापडले: 'हातघाई' आणि 'दूरमार'. हातघाईचा बचाव, दूरमाराचा बचाव. मूळ इंग्रजी वाचून जो खेळाडू गोंधळतो, तो हे वाचून गोंधळणार नाही, अशी आमची खात्री आहे; 'हातघाई'सारखा शब्द इंग्रजीजवळ असता तर त्यांनी फ्रेंच 'मेली' उसना आणला नसता.

पायदळाचे तीन प्रकार यानंतर लवकर मिटले. स्केलसाठी 'खवलेबंद', चेनसाठी 'जाळीबंद', प्लेटसाठी 'पत्रेबंद'. 'खवले' हा शब्द माशाचा, आणि खवले मांजराचाही. भारतातले एक चिलखत खवले मांजराच्या खऱ्याखुऱ्या खवल्यांचे, वर सोनेरी वेलबुट्टी काढलेले, १८२० मध्ये इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जला नजर झाले आणि ते आजही तिथल्या शस्त्रसंग्रहात आहे. ही माहिती मिळाल्यावर 'खवलेबंद'वर कोणीही हरकत घेतली नाही. 'चार-आयना'वरून 'आरसेबंद' करावे असा बखरपक्षाचा आग्रह होता. तो बहुमताने फेटाळला गेला.

घोडदळापाशी पुन्हा अडले. 'बार्डिंग' म्हणजे घोड्याचे चिलखत. शेजारच्या काकांना विचारले. त्यांच्याकडे आता ट्रॅक्टर आहे, पण दहा वर्षांपूर्वीपर्यंत दावणीला बैलजोडी होती. त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता 'झूल' सांगितले. पोळ्याला बैलाच्या पाठीवर झूल, शिंगांना गोंडे, कपाळाला बाशिंग. वऱ्हाडात जनावराच्या अंगावर माणूस जे घालतो ते झूल. भाच्यालाही ते पटले. पण झूल शोभेची, कापडाची. तिने बाण अडत नाही. आमच्यातील संस्कृतपक्षाने कोश उघडला. 'प्रक्षर', 'प्रखर': घोड्याचे किंवा हत्तीचे लोखंडी चिलखत. ('प्रखर'चा हा अर्थ आम्हांला माहीत नव्हता; प्रखर टीका करणाऱ्यांनाही बहुधा नसावा.) आणि त्याचे मराठीतले रूप डोळ्यांसमोरच होते: पाखर. आईन-इ-अकबरीत हत्तीच्या साजात हाच शब्द येतो, पोलादाची पाखर, डोक्यासाठी आणि सोंडेसाठी वेगळे तुकडे असलेली. संस्कृतपक्ष आणि बखरपक्ष चार महिन्यांत पहिल्यांदाच एका शब्दावर एकत्र आले.

आम्ही उत्साहाने भाच्याला बोलावून सांगितले: खवल्यांची पाखर, जाळीची पाखर, पत्र्याची पाखर. तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "मामी, पाखर त मायेची असते न? घोड्याले काहून?"

आम्ही समजावून सांगू लागलो, की आधी घोड्याची होती, मग मायेची झाली. की कोंबडी पिलांवर पाखर घालते तिथे शब्दाला 'पक्ष' आणि 'पंख' यांची ओढ लागली असावी, आणि लोखंड विसरून तो पिसांचा झाला असावा. मराठीत त्याचे लोखंड असे पुरते गेले आहे, की 'पाखर घालणे' म्हटल्यावर कोणाच्याही मनात युद्ध येत नाही. तो ऐकत होता. मग त्याने जे सांगितले ते आम्ही त्याच्या परवानगीने इथे लिहितो. वडिलांच्या तेरवीला आलेला प्रत्येक जण त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणत होता, बापाची पाखर गेली. तो तेव्हा अकरा वर्षांचा होता, इंग्रजी माध्यमात होता. "मले वाटे पाखरू म्हणून राहिले. बाबाचं कोणतं पाखरू होतं अन् ते उडून गेलं. मी आईले कधी विचारलं नाही."

भाषाशास्त्राच्या दृष्टीने त्याची व्युत्पत्ती चुकीची आहे. पाखरू 'पक्षिरूप'मधून येते. त्या दिवशी ही माहिती देण्याची आम्हांला गरज वाटली नाही. चहा झाला. तो वर अभ्यासाला गेला. दोन दिवसांनी त्याने धारिका दाखवली. तीनही ओळींत 'पाखर' होते आणि 'झूल' कुठेही नव्हती. त्याच्या मित्रांनी हरकत घेतली होती म्हणे, की हे कोणाला कळणार नाही. त्याने त्यांना काय सांगितले ते आम्ही विचारले नाही.

वर्गात आम्ही अर्थान्तर शिकवतो. अर्थसंकोच, अर्थविस्तार, अर्थापकर्ष, अर्थोत्कर्ष अशा पायऱ्या फळ्यावर लिहितो आणि प्रत्येकीला एकेक ठरीव उदाहरण देतो. विद्यार्थी ती उदाहरणे उत्तरपत्रिकेत परत करतात. मराठीच्या एमएला आमच्याकडे दरवर्षी विद्यार्थी कमी होत आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, जिथे लीळाचरित्र लिहिले गेले त्या रिद्धपूरला, आमच्याच जिल्ह्यात, मराठी भाषा विद्यापीठ झाले, आणि या दोन्ही गोष्टींचा आम्हांला मनापासून आनंद आहे. पण वसतिगृहात रात्री दोन वाजता चार मुले 'जाळीबंद' की 'जाळीदार' यावर भांडतात, आणि त्यांतले कोणीही मराठीचे विद्यार्थी नाही, ही गोष्ट आम्हांला अभ्यासमंडळाच्या बैठकीत कशी मांडावी ते अजून सुचलेले नाही.

तिरंदाजांचे पहिले चिलखत 'पॅडेड', म्हणजे कापूस भरून टाचलेले. हे तर आमच्या घरचेच. पऱ्हाटीच्या मुलखात कापसाने माणूस झाकणे नवे नाही. आपल्याकडे रुई भरलेले जाड अंगरखे लढाईत वापरले जात, आणि युरोपातही लोखंडाच्या आत असेच टाचलेले वस्त्र असे. त्याचे एक जुने नाव 'अ‍ॅकेटन', ते अरबी 'अल-कुत्न'वरून आले, 'कॉटन'ही तिथूनच. म्हणजे इंग्रज सरदाराच्या चिलखताखाली शेवटी कापूसच. आईने 'गोधडी' सुचवली. गोधडी घालून लढाईला कोण जाईल, असे भाचा म्हणाला. त्यावर तिने त्याला वलगावचाच दाखला दिला. २० डिसेंबर १९५६ ला गाडगेबाबांनी देह ठेवला तो अमरावतीच्या वाटेवर, इथल्या पेढी नदीपाशी. गोधडे महाराज हे त्यांचेच नाव. अंगावर चिंध्यांची गोधडी, हातात खराटा आणि डोक्यावर जेवायचे फुटके गाडगे पालथे घातलेले. "त्याहीपेक्षा मोठी लढाई कोणी केली सांग," ती म्हणाली. शिरस्त्राणासाठी 'गाडगे' हा शब्द तिला चालला असता, असे आमचे मत आहे. शेवटी 'रुईभरी डगला' ठरले. आईला ते पसंत नाही. दुसऱ्यासाठी 'चामडी डगला' झाला, त्यात वाद घालण्याजोगे काही नव्हते.

नववे नाव, 'रिंग आर्चर आर्मर', मात्र अडूनच राहिले. 'रिंग' म्हणजे कडी, आणि जाळीही कड्यांचीच. इंग्रजीत हे वेगळे चिलखत मानतात ते मेरिकच्या वर्गीकरणाच्या जोरावर: चामड्यावर सुट्या कड्या शिवलेल्या. तसे काही युरोपात खरोखर वापरात होते, याला आजचे अभ्यासक फारसा आधार देत नाहीत. बहुधा कोणा चित्रकाराने जाळी काढायचा कंटाळा केला आणि वर्तुळे काढून मोकळा झाला. आम्ही मोल्सवर्थ पाहिला, दाते-कर्वे पाहिले, य. न. केळकरांचा ऐतिहासिक शब्दकोश पाहिला. नसलेल्या वस्तूचा शब्द त्यांत कुठून मिळणार? संस्कृतपक्षाने 'वलयांकित' सुचवले, बखरपक्षाने 'कडीबंद'. 'वलयांकित' माणसे आम्ही साहित्यसंमेलनांत पुष्कळ पाहिली आहेत, तेव्हा तो शब्द तिरंदाजाला देणे अन्यायाचे झाले असते. आणि 'कडीबंद' म्हटले की आईला दाराची कडी आठवते.

भाच्याची परीक्षा जवळ आली आहे. धारिकेत नवव्या आकड्यापुढे त्याने सध्या 'मामा-मामी सांगतील' असे लिहून ठेवले आहे. खेळाचा चौथा, सम्राटांचा काळ आला आणि लोहारखान्यावर बोट ठेवले, की त्याच्या आणि त्याच्या मित्रांच्या पडद्यावर ते तसेच दिसते.